मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि मिस्टर हॉलिस

डायलिसिस म्हणजे काय, ते मी सांगत बसणार नाही. ते डॉक्टर सांगतील, इंटरनेट सांगेल आणि महाराष्ट्र मंडळातल्या काकू तर न विचारता सांगतील. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि पुढची तीन वर्षं मी माझ्या आईला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नाही. ती नागपूरला, मी मिशिगनमध्ये ट्रॉयला. आजाराने जे नेलं ते नेलंच, पण या लपवालपवीने त्याहून जास्त नेलं. हे मला घरच्या कुणी दाखवलं नाही. दाखवलं ते शेजारच्या खुर्चीत डायलिसिस घेणाऱ्या एका म्हाताऱ्या बास्केटबॉलपटूने. तुम्हीही घरी असंच काही दडवून बसला असाल तर हे वाचा. नसाल, तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात.

फोन आला तो दिवस

मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे शनिवारी असतं, कारण संक्रांत स्वतः सुट्टी बघून येत नाही. त्या शनिवारी मी तिळाच्या लाडवांचा पाक बघत उभी होते. पाय सुजले होते, पण ते कित्येक महिने सुजतच होते. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, दिवसभर खुर्ची, म्हणून सुजतात असं मी स्वतःला पटवलं होतं. तोंडात सारखी नाणं चघळल्यासारखी चव यायची, तेव्हा मी कॉफी बदलून पाहिली होती. शेवटी नवऱ्याने, म्हणजे श्रीने, जबरदस्तीने रक्त तपासायला नेलं होतं.

फोन डॉक्टरांचा होता. अमेरिकेत डॉक्टर शनिवारी स्वतः फोन करतात तेव्हाच ओळखायचं, पण मला ते ओळखता आलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही ड्राइव्ह करू नका. कुणालातरी घेऊन यायला सांगा. आत्ता." मी त्यांना विचारलं, सोमवारी आमचं रिलीज आहे, मंगळवारी आले तर चालेल का? मग ते म्हणाले, "नाही."

इमर्जन्सीत मी पैठणी नेसून गेले. नर्सने साडीचं कौतुक केलं आणि मग ती कात्रीने कापावी लागेल का, याचा विचार करू लागली. मी जवळजवळ किंचाळलेच. बायोप्सी, तपासण्या, सगळं पुढे झालं. निष्कर्ष एवढाच की वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेल्या ब्लडप्रेशरने दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. मी अडतीस वर्षांची होते. मला भीती वाटली का? वाटली. पण आधी लाज वाटली, घर आवरलेलं नसताना पाहुणे यावेत तशी.

हॉस्पिटलमधूनच नागपूरला दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ. आई त्याच्याकडे असते. तो रडला, मग सावरला आणि म्हणाला, "आईला काही बोलू नकोस हं अंजू. तिला झेपायचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरात ही रीतच आहे. बाबांचं ऑपरेशन झालेलं मला परीक्षा संपल्यावर कळलं. आजोबा गेल्याचं आत्याला बाळंतपण उरकल्यावर. ज्याच्यावर जीव आहे त्याला वाईट बातमी शेवटी द्यायची, ही आमच्याकडची मायेची पद्धत. तिच्यात काही चुकत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

डावा हात

डायलिसिससाठी डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या ऑपरेशन करून जोडतात. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत गुणगुण जाणवते, फ्रिजच्या दारावर हात ठेवल्यावर जाणवते तशी. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर बीपी मोजायचं नाही आणि त्यात बांगड्या घालायच्या नाहीत.

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीने माझा जीव काढला. पुढच्या हळदीकुंकवाला एका हातात बांगड्या आणि दुसरा भुंडा. काकूंच्या नजरा मनगटावर येऊन थांबायच्या. मी ॲलर्जी झाल्याचं सांगितलं. आईला फोटो पाठवायचे तेव्हा डावा हात सईच्या पाठीमागे. सई माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. तिची उंची त्या कामाला अगदी बरोबर होती. तरी आईच ती. एकदा फोनवर म्हणाली, "काय गं, बांगड्या काढल्यास की काय? अगदीच अमेरिकन झालीस बाप्पा." मी हसले. हसणं जमलं याचं मला कौतुकही वाटलं.

खुर्ची

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी साडेसहाला पोचायचं, वजन करायचं, खुर्चीत बसायचं, दोन सुया, चार तास. टीव्ही डोक्यावर. थंडी इतकी की उन्हाळ्यातही मी शाल नेत असे. घरी आले की अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं होई आणि दुपारी लॅपटॉप उघडून मी काम करी. नोकरीवर इन्शुरन्स, नोकरीवरच व्हिसा, ग्रीन कार्डाची फाइल अर्धवट. त्यामुळे आजारी असण्याला सुट्टी नव्हती.

पाणी मोजून. केळं नाही, टोमॅटो नाही, बटाटा दोनदा उकळून त्याचा जीव गेल्यावरच. श्री स्वयंपाक शिकला. त्याचं वरण मी रोज चांगलं झालंय म्हणायचे, तेही खोटंच. किडनी द्यायला त्याचा रक्तगट जुळला नाही. दादा तपासून आला, त्याला डायबेटिस निघाला. मी किडनी मिळण्याच्या यादीत होते, आणि ती यादी लांब असते. सई सकाळी दूध पिताना विचारायची, "मॉम, इज इट अ मशीन डे?" हो म्हटलं की ती स्वतःची वेणी स्वतः घालायची. तिची वाकडी वेणी बघून मला जेवढं रडू आलंय तेवढं सुयांनी कधी आणलं नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत मिस्टर हॉलिस आले. वय सत्त्याहत्तर, काळे, आणि उंच इतके की पाय खुर्चीबाहेर लोंबायचे. शेरी नावाची टेक्निशियन त्यांच्या पायांखाली पुठ्ठ्याचा खोका आणून ठेवायची. मी शाळेतले निवृत्त मास्तर समजत होते. ते खरंही होतं, तीस वर्षं त्यांनी डेट्रॉइटच्या एका शाळेत पोरांकडून कवायत करून घेतली होती. पण एकदा टीव्हीवर मॅच लागलेली असताना ते स्वतःशीच म्हणाले, "त्याला मोकळं सोडलंय. आम्हाला असं कुणी सोडलं नाही."

"तुम्ही खेळायचात?" मी विचारलं.

"चार सीझन," ते म्हणाले. "पगार घेऊन. माझ्या टीममधला पहिला काळा माणूस मी."

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी मी म्हटलं, "मग तुम्ही तर इतिहासच."

ते हसले. "मिस अंजली, लीगमधल्या पहिल्यावहिल्यांची नावं लोक पाठ करतात. मी त्यांच्या मागोमाग आलो. दार उघडल्याची बातमी छापून झाली होती, दार मात्र अजून किलकिलंच होतं."

चार सीझन

त्यांची गोष्ट मला सलग मिळाली नाही. मंगळवारी एक तुकडा, गुरुवारी त्यांचं बीपी पडलेलं, शनिवारी माझं. काही वेळा ते बोलता बोलता झोपत आणि उठून तिसरंच काही सांगत. इथे मी ती जमेल तशी जुळवून लिहिते आहे.

कापसाच्या शेतांमधल्या एका गावात जन्म. वडील लवकर गेले. आई लोकांचे कपडे धुवायची. सैन्यातून परतल्यावर काळ्या मुलांच्या कॉलेजात खेळले, तिथून कुणीतरी हेरलं. पन्नासच्या दशकाची नुकती सुरुवात होती. पहिल्याच दिवशी कोचने बाजूला घेऊन सांगितलं, तुझं काम एवढंच, बॉल अडवायचा, काढून आणायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. बास्केट ते टाकतील. "मी नेमबाज होतो," मिस्टर हॉलिस म्हणाले. "कॉलेजात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. चार वर्षं मी दुसऱ्यांना बॉल आणून दिला. आणि लोक म्हणायचे, हॉलिसला नेम नाही."

प्रेक्षक काय काय ओरडायचे ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्यासमोर नको."

टीम बाहेरगावी गेली की काही शहरांत हॉटेल त्यांना घेत नसे. गोरे खेळाडू पुढच्या दाराने आत जायचे आणि हे बॅग उचलून रुळांपलीकडे, काळ्यांच्या वस्तीत, कुणाच्या तरी घरी. एका शहरात ते घर एका विधवा बाईंचं होतं. तिथे खाट मिळे, जेवण मिळे, आणि बाई चांगल्या होत्या. लाल केसांचा एक सहकारी दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांच्यासाठी सँडविच आणायचा. बाकीचे खिडकीबाहेर बघायचे.

"आणि आईला काय सांगायचात?" हा प्रश्न मी का विचारला कोण जाणे. माहीत होतं म्हणूनच विचारला असेल.

"आईला मी पत्रं लिहायचो," ते म्हणाले. "मोठं हॉटेल, पांढऱ्या चादरी, रात्री सगळे एका टेबलाशी जेवलो. तिने खूप सोसलं होतं. म्हटलं, निदान एवढं तिला मिळू दे."

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी शेरीला हाक मारली.

पंचाहत्तरी

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आईची पंचाहत्तरी होती. दादाने हॉल घेतला होता. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, नातेवाईक, जेवण. लेकीने यायलाच हवं होतं.

इथे एक गोष्ट कबूल करते, कारण ती केल्याशिवाय या लिखाणाला अर्थ नाही. मी जाऊ शकत होते. नागपुरात डायलिसिस होतं, डॉक्टर चिठ्ठी द्यायला तयार होते, प्रवासाचे कागदही झाले असते. पण गेले असते तर दिवसाआड चार तास कुठे जाते ते आईला सांगावं लागलं असतं. श्री म्हणाला, "सांग ना मग. आणि मला तुझ्या आईशी खोटं बोलायला लावू नकोस यापुढे. माझ्याच्याने नाही होत यार." आम्ही भांडलो. मी त्याला म्हटलं, तुझी आई नाही ती. तो भांडी घासायला गेला.

आईला मी नेहमीचं सांगितलं. प्रोजेक्ट, डेडलाइन, रजा कॅन्सल केली. तिसऱ्या वर्षी तेच कारण. फोनवर मागून हॉलमधले आवाज येत होते, कुणी सनई लावली होती. आई म्हणाली, "बरं. मग आता माझ्या तेराव्यालाच ये. तेव्हा तरी देतील ना रजा?"

दादा तिच्या शेजारीच उभा असणार. तोही काही बोलला नाही. काय बोलणार, मीच त्याचं तोंड बांधलं होतं, आणि त्याने माझं. मी रडले नाही. उलट मला वाटलं, बोलू दे. माझ्यावर रागावली तर रागावली, निदान काळजी तरी नाही करत. स्वतःला मी फार सोशिक समजत होते.

निळी टोपी

हिवाळ्यात मिस्टर हॉलिसांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. खोक्यावर आता एकच पाय असे. ते फारसं बोलत नसत. एका गुरुवारी मीच त्यांना पंचाहत्तरीचं सगळं सांगितलं. आईने काय म्हटलं तेही सांगितलं आणि वर म्हटलं, "माझ्या आईला झेपणार नाही, म्हणून मी हे सहन करते."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "माझ्या पत्रांचं काय झालं ते सांगितलं नाही मी तुम्हाला."

तिसऱ्या सीझनला त्यांच्या टीमचा एक सामना त्यांच्या गावापासून बसने दोन तासांवरच्या, त्या विधवा बाईंच्या शहरात होता. आईने न कळवता यायचं ठरवलं. मुलाला चकित करायचं. चर्चला घालायची निळी टोपी घातली, पर्समध्ये पत्र घेतलं, आणि पत्रात लिहिलेल्या त्या हॉटेलात पुढच्या दाराने गेली. काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, माझा मुलगा इथे उतरला आहे, त्याला बोलवा.

"तिला काय माहीत नव्हतं?" मिस्टर हॉलिस म्हणाले. "साठ वर्षं त्याच मुलखात काढलेली बाई. कुठल्या दारातून जायचं नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण मुलाने लिहिलंय, म्हणजे जग बदललं असेल. माझ्या शब्दावर गेली ती आत."

त्या माणसाने पत्र वाचलं, मोठ्याने, लॉबीतल्या लोकांना ऐकवून. मग दोघांनी दंडाला धरून तिला बाहेर काढलं. ती कोपऱ्यावर तास-दीड तास थंडीत उभी राहिली. टीम आली तेव्हा लाल केसांच्या त्या खेळाडूने तिला नाव विचारलं आणि रुळांपलीकडे त्या विधवेच्या घरी चालत आणून सोडलं.

"ती आत आली, टोपी काढली आणि खाटेवर बसली. मी म्हटलं, मॅमा, तुला त्रास होऊ नये म्हणून लिहिलं तसं. ती म्हणाली, त्यांनी तुला दाराबाहेर ठेवलं, आणि तू मला."

मशीन वाजलं. शेरी आली, काहीतरी दाबून गेली.

"पुढे वीस वर्षं जगली ती," मिस्टर हॉलिस म्हणाले. "प्रेमाने वागायची. पण माझं काही खरं मानलं नाही परत. मी बरा आहे म्हटलं की नुसती बघायची."

मी त्यांना सांगितलं की माझी गोष्ट वेगळी आहे. ते म्हणाले, "असेल." मग निघताना व्हीलचेअरमधून म्हणाले, "मिस अंजली, मी शनिवारी येणार नाही."

मला वाटलं, पायाची अपॉइंटमेंट असेल. शनिवारी शेरीने सांगितलं. त्यांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलं होतं, मुलींशी बोलून, सह्या करून. पेशंटना तो हक्क असतो. मला ते माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर मी खूप घाबरले. त्यानंतर ते दहा दिवस जगले. पेपरात चार ओळी आल्या. निवृत्त शिक्षक, एके काळचे खेळाडू. टीमचं नाव चुकीचं छापलं होतं. अंत्यसंस्कार मंगळवारी सकाळी होते, आणि मंगळवारी सकाळी मी खुर्चीत होते. वेळ बदलून मिळेल का, हे विचारायचं धैर्यसुद्धा मला झालं नाही. शेजारच्या खुर्चीत एक नवीन बाई होत्या. त्यांचे पाय खुर्चीत मावत होते.

रविवार

त्या रविवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. तिकडे दिवेलागण उलटून गेली होती. आईची मालिका चालू होती. मी म्हटलं, टीव्ही बंद कर. सगळं सांगितलं. किडन्या, सुया, मंगळवार-गुरुवार-शनिवार, बांगड्या, फोटो. पंचाहत्तरीला का आले नाही तेही. बोलताना माझं लक्ष तिच्या श्वासाकडे होतं. दादाने तिच्या गोळ्या जवळ ठेवल्या आहेत का, हेच डोक्यात.

आईला काही झालं नाही. तिने आधी विचारलं, "श्रीकांतरावांना माहीत आहे?" मग, "दादाला?" मी हो म्हटलं. "सईला?" तेही हो.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. "अगं, मी तुला तेराव्याला ये म्हणाले. आजारी लेकराला. आणि तू मला तसं बोलू दिलंस?"

फोन ठेवला तिने.

तिला दुःखापासून वाचवायला निघाले होते मी. आणि आयुष्यात जे तिच्या तोंडून कधी निघालं नसतं ते मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. ते ती आता विसरणार नाही. मला क्षमा करील, स्वतःला करणार नाही. सोशिकपणाचा माझा तोरा त्या दिवशी उतरला.

पंधरा दिवस ती फोनवर आली नाही. दादा म्हणायचा, देवळात गेलीय, झोपलीय. त्याच्याशीही धड बोलत नव्हती. श्री म्हणाला, "येईल." मला खात्री नव्हती. डायलिसिसच्या आख्ख्या काळात एवढी भीती मला कशाचीच वाटली नाही.

आता

त्याला वर्ष होऊन गेलं. किडनी अजून मिळालेली नाही. मिळेल की नाही, सांगता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी नागपूरला तीन आठवडे जाऊन आले. आई माझ्याबरोबर हॉस्पिटलला आली, चार तास बाकावर बसून राहिली. स्वतःची किडनी द्यायला निघाली होती, डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं तर त्यांच्याशीच भांडली. माझ्याशी मात्र जपून बोलते. मी काही सांगितलं की दादाला वेगळं विचारून घेते, ते मला कळतं.

त्यामुळे मी एक पथ्य पाळते. पाण्याच्या पथ्यापेक्षा ते अवघड आहे. ती विचारते तेव्हा खरं सांगायचं, बरं असेल तर बरं, नसेल तर नाही. घरी लपवून ठेवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमची आई रडेल, चिडेल, कदाचित पंधरा दिवस बोलणार नाही. तरी सांगा. उशीर झाला असेल तरी सांगा.

परवा शनिवारी सुई नीट बसली नाही, हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. घरी येऊन पडले होते तेव्हा तिचाच फोन आला.

"कशी आहेस?"

सवयीने मजेत म्हणणार होते. थांबले.

"आज फार वाईट आहे, आई."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ती बसली असावी.

"हं," ती म्हणाली. "सांग."